जुना पार्ट परत मिळेल का?

कोकणातल्या गाडीचं वय किलोमीटरवर काढू नये, पावसाळ्यांवर काढावं. घाटावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची गाडी माझ्या गाडीच्याच वयाची आहे, चालली आहे दुप्पट, आणि तरी तिच्या दारांच्या कडा अजून नव्यासारख्या. माझी आपली पावस गावातलं घर ते शाळा, आणि मध्येच कधी रत्नागिरी, एवढीच धावते. पण बॉनेट उघडलं की एकेका बोल्टावर तांबूस भुकटी.

यात कंपनीचा फारसा दोष नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण पाऊस हा त्यातला सोपा भाग. गोडं पाणी वाळून जातं, खार जात नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते पत्र्याच्या फटीत, वायरच्या टोकाशी, नटाखाली जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळाभर आमच्याकडे आर्द्रता त्याच्या पुढेच असते. म्हणजे गाडी छपराखाली कोरडी ठणठणीत उभी असली तरी तिच्या सांध्यासांध्यांत खारट ओल आहेच. त्या ओलीत लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकले की आधी लोखंड खाल्लं जातं. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून एवढं लांबण लावलं असं वाटेल, पण पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ याच परिच्छेदात आहे. आणि त्या मुळापर्यंत न जाण्याचे मला तीस हजार रुपये सांगितले गेले.

श्रावणात गाडीच्या मागच्या दिव्यांचं काहीतरी बिनसलं. ब्रेक दाबला की उजवीकडचा इंडिकेटर मिणमिणायचा. इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवाही त्याच्याबरोबर उघडझाप करायचा. रिव्हर्स टाकला की मागे चिटपाखरू नसताना सेन्सर बोंबलायचा. भाट्याच्या पुलावर एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "बाई, नक्की वळायचंय कुठं तुम्हाला?" गणपती तोंडावर आलेले. मुंबईहून दीर-जाऊ यायचे, त्यांना स्टेशनवरून आणायचं, मग बाजारहाट, त्यात अंधार लवकर पडतो. असले दिवे घेऊन महामार्गावर जायची माझी तयारी नव्हती. दिराने फोनवर बजावलं, "वहिनी, कंपनीतच दाखवा हां. बाहेरच्या कुणाला वायरिंगला हात लावू देऊ नका."

म्हणून शोरूमला गेले. शोरूमचं नाव सांगत नाही. सगळीकडची काच सारखीच असते आणि कॉफीचं मशीनही.

सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण मुलगा होता, अदबीने बोलणारा. त्याने गाडी आत घेतली, स्कॅनर लावला, आणि बऱ्याच वेळाने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवेबिवे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, १६,९०० रुपये. उजवा टेल लॅम्प, असेंब्लीसकट, ४,३००. काढण्या-बसवण्याची मजुरी १,५००. प्रोग्रॅमिंग २,४००. किरकोळ साहित्य ३५०. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ३०,०३१ रुपये.

राग मला त्या वरच्या एकतीस रुपयांचा आला. नुसते तीस हजार म्हणाला असता तर अंदाज सांगतोय असं वाटलं असतं. एकतीस लावले की तो हिशोब दिसायला लागतो, आणि हिशोबाशी भांडायची आपल्याला सवय नाही.

"सरांना फोन करून विचारून घ्यायचं असेल तर घ्या मॅडम," तो म्हणाला. आमच्या घरी गाडी मी चालवते. सरांना पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हेही दर वेळी उतरून बघावं लागतं. पण ते जाऊ दे.

"स्कॅनरवर कोड काय आला?" मी विचारलं.

"मागच्या लाइट सर्किटचा फॉल्ट दाखवतोय."

"म्हणजे मॉड्यूल गेलंय असं दाखवतोय?"

"तसं नाही मॅडम, सर्किट फॉल्ट. पण अशा केसमध्ये बहुतेक मॉड्यूलच निघतं."

"आणि टेल लॅम्प कशासाठी?"

"त्याच्यावर पण डाउट आहे."

"मागचं अर्थिंग बघितलंत?"

"टेक्निशियनने सगळं चेक केलंय."

"मोजलं का? किती आलं?"

इथे तो पहिल्यांदा थांबला. आत जाऊन आला. मोजल्याचा आकडा काही त्याच्याबरोबर आला नाही.

"बरं, मॉड्यूल बदललं आणि दिवे तसेच राहिले, तर?"

"मग पुढचं बघावं लागेल."

"तेव्हा हे मॉड्यूल परत घ्याल?"

"इलेक्ट्रिकल पार्ट रिटर्न होत नाहीत मॅडम. पॉलिसी आहे."

"आणि माझा काढलेला जुना पार्ट मला परत मिळेल का?"

हे त्याला विचारून सांगावं लागणार होतं.

मुलाने मला फसवायला घेतलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. स्कॅनर खोटं बोलत नाही, पण त्याचं ज्ञान ऐकीव असतं. तो मॉड्यूलला विचारतो आणि मॉड्यूल जे समजलं ते सांगतं. मागच्या दिव्यांकडून मॉड्यूलकडे वेडेवाकडे व्होल्टेज यायला लागले की ते 'सर्किट बिघडलंय' एवढंच म्हणू शकतं. सर्किटमध्ये वायर आली, बल्बचा होल्डर आला, कनेक्टर आला, पत्र्याला जोडलेला बोल्ट आला, आणि शेवटी मॉड्यूल स्वतःही आलं. यातलं नेमकं काय, ते माणसाने वाकून, डिकीचं अस्तर काढून, मीटर लावून शोधायचं असतं. शोधायला अर्धा तास लागेल की अर्धा दिवस, हे आधी सांगता येत नाही. बदलायला किती वेळ लागतो, ते मात्र कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं असतं आणि मजुरी त्या तक्त्याप्रमाणे मिळते. अशा ठिकाणी हात आपोआप बदलण्याकडे वळतो. म्हणजे माझ्या पुढ्यातल्या कागदावर दुरुस्तीची किंमत लिहिलेलीच नव्हती. एका तर्काची होती, आणि तर्क चुकला तर पैसे बुडायचे माझे.

कागदावर सही न करता मी उठले. "विचार करून सांगते" म्हटलं. आजूबाजूला चार-पाच जण बसले होते, आणि सगळे सह्या करत होते.

हे मला आजवर न उलगडलेलं कोडं आहे. आम्ही कोकणातली माणसं व्यवहारात भोळी म्हणून कोणी ओळखत नाही. मिरकरवाड्यावर सुरमई घेताना मी कल्ला वर करून लाली बघते, डोळा बघते, बोटाने पाठ दाबून बघते, आणि "मावशी, ही बर्फातली आहे" असं तोंडावर सांगते. मावशीही काही गप्प बसत नाही. बांधावरच्या फणसाची मुळं कुणाच्या हद्दीत, यावरून आमच्या गावात दिवाणी दावे चाललेत आणि ज्यांनी ते घातले त्यांची नातवंडं आता तारखांना जातात. तीच माणसं शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेली की त्यांचा आवाज खाली येतो. कागद इंग्रजीत छापलेला, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, त्यात पार्टचे अकरा-बारा आकडी नंबर. आपण विचारलं आणि आपलं अज्ञान उघडं पडलं तर? किंवा त्याहून वाईट, आपल्याला परवडत नाही असं त्याला वाटलं तर? शिवाय याच शोरूममध्ये पेढे वाटून, गाडीला हार घालून, मोठी खोटी किल्ली हातात धरून फोटो काढलेला असतो. सोयऱ्याच्या घरी जेवणात खडा निघाला तरी माणूस गिळतो, तसं काहीतरी.

माझ्या एका सहकारी बाईंनी याच वर्षी असंच बिल भरलं. मी विचारलं, नेमकं काय बदललं? त्या म्हणाल्या, "काहीतरी सेन्सर." बाई गणित शिकवतात, आणि वर्गात एका ओळीचीही पायरी गाळली तर पोराचा अर्धा गुण कापतात.

वायरिंगवाल्या चाचांकडे मला शाळेच्या शिपायाने पाठवलं. रत्नागिरीत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा गाळा आहे. पाटी नाही. बाहेर दोन जुन्या बॅटऱ्या आणि एक स्टूल हीच खूण. चाचांची तरुणपणाची बरीच वर्षं सौदीत, दम्मामच्या वर्कशॉपमध्ये गेली. परत आल्यापासून ते अर्धा वेळ गाड्यांचं आणि अर्धा वेळ मच्छीमारी बोटींचं वायरिंग करतात. हे दुसरं काम ऐकून माझा जीव भांड्यात पडला. बोटीचं वायरिंग करणाऱ्या माणसाला खार काय करतो हे कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच विचारायला सुरुवात केली. कधीपासून होतंय? पावसात वाढतं का? गाडी धुतली की होतं? डिकीत ओल येते? खड्ड्यात आदळल्यावर दिवा एकदम नीट होतो का कधी? याची उत्तरं देता देता माझ्याच लक्षात आलं की मला बरंच माहीत होतं. शोरूममध्ये ते कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी डिकीचं उजवीकडचं अस्तर सोडवलं. आत पत्र्याला एक बोल्ट, त्याखाली तीन-चार काळ्या वायरी एकत्र आवळलेल्या. बोल्ट होता असं म्हणायचं, कारण दिसत होता तो गंजाचा गोळा, आणि वायरीच्या टोकाची थिंबल, म्हणजे वायर बोल्टात अडकवायची धातूची कडी, हिरवट पांढरी पडलेली. चाचांनी एका लांब वायरचं टोक पुढे बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं मीटरला, मीटरची दुसरी पिन त्या थिंबलला टेकवली आणि मला ब्रेक दाबून धरायला सांगितला. मीटर त्यांनी वळवून मला दाखवला. तिथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसत होते तीनच्या वर.

"करंट येतो बरोबर," चाचा म्हणाले. "परत जायला वाट नाय त्याला. मग तो शेजारच्याच्या अंगणातनं जातो."

बल्बमध्ये गेलेली विद्युतधारा बॅटरीकडे परत जावी लागते, तरच परिपथ पूर्ण होतो, हे मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल. गाडीत परतीची वेगळी वायर बॅटरीपर्यंत ओढत नाहीत. गाडीचा पत्राच ते काम करतो, आणि वायर त्या बोल्टापाशी पत्र्याला मिळते. तो सांधा गंजला की ब्रेकच्या दिव्याची धारा शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून उलटी शिरते आणि पुढच्या कुठल्यातरी वाटेने पत्रा गाठते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. सेन्सरलाही मग धड व्होल्टेज मिळत नाही आणि तो बोंबलतो. मॉड्यूल बिचारं तिकडे पुढे डॅशबोर्डखाली ठणठणीत बसलेलं असतं.

चाचांनी बोल्ट काढला. वायरी मागे लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापल्या, नवी थिंबल दाबून बसवली, पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, नवा बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस थापलं. बोटीवर असंच करतात म्हणे. दिवे शहाणे झाले. मग त्यांनी टेल लॅम्पही खोलला आणि त्यामागचं रबर दाखवलं. ते वाळून एका कोपऱ्यात फाटलं होतं. पावसाचं पाणी तिथून डिकीत उतरत होतं, आणि बोल्ट नेमका त्याच्या खाली. म्हणजे शोरूमच्या मुलाचा टेल लॅम्पवरचा 'डाउट' अगदीच हवेतला नव्हता. फक्त ते रबर सुटं मिळत नाही, दिव्यासकटच घ्यावं लागतं. चाचांनी तिथे सीलंट भरलं. सगळ्याचे मिळून चारशे रुपये घेतले.

मी बिल मागितलं. ते हसले. "चारशेचं बिल काय करता बाई?"

हे मला आवडलं नाही. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि स्वस्त काम करणाऱ्याला त्यातून सूट नाही. उद्या त्याच वायरिंगवरून काही पेटलं तर माझ्या हातात काय? शोरूमच्या कागदाला निदान तारीख असते, नंबर असतो, त्याच्यामागे भांडायला एक कंपनी असते. चाचांच्या मागे त्यांचा शब्द आणि बंदरातली अब्रू. मला ती पुरली, पण सगळ्या गाळ्यांमध्ये चाचाच बसलेले नसतात. अर्धवट सोलून नुसती टेप गुंडाळलेल्या वायरी मीही पाहिल्यात, आणि त्यातून बोनेटखाली धूर निघालेलाही. शेवटी चाचांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं, 'पाठीमागचा अर्थ नवीन केला', खाली तारीख आणि सही.

निघताना त्यांनी एक गोष्ट आपणहून सांगितली. "पिवळ्या कव्हरातली वायर असली, पिवळा कपलर असला, तर माझ्याकडे आणू नका. एअरबॅगचं ते. मी हात नाय लावत. तिथं शोरूमलाच जा, आणि जोड देऊ नका म्हणून सांगा." तीस हजार वाचवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसलाच होता, पण तो पक्का झाला या वाक्याने. आपल्या हाताची हद्द कुठे संपते हे जो सांगतो, त्याच्या हातात गाडी द्यायला हरकत नाही.

घरी आल्यावर दिराला फोन केला. तो म्हणाला, बाहेर हात लावला की वॉरंटी जाते. माझ्या गाडीची वॉरंटी संपून जमाना झाला, पण हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते वाहन कायद्यातच लिहिलेलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात येऊच देत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला त्यांच्याच दारात जावं लागतं. चौकशी तीन कंपन्यांपासून सुरू झाली आणि वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचं भांडण पुढे लांबलं, पण त्या आदेशातला एक मुद्दा मला दंडाहून मोलाचा वाटतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांनाही मिळावी, असंही त्यात आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. हे सगळं वाचून मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "माहिती मिळावी म्हणतात, ते बरोबर. पण कोण देतो?"

त्यांचं दुखणं खरं आहे. माझी गाडी त्यांच्या मीटरच्या आवाक्यातली होती. आताच्या नव्या गाड्यांत टेल लॅम्पलाही स्वतःचं सर्किट असतं. मॉड्यूल बदललं तर ते त्या गाडीला ओळखून द्यावं लागतं आणि त्याची किल्ली कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथे चाचांचा पॉलिश पेपर फार पुढे जात नाही. मात्र त्या गाड्यांनाही पत्रा आहे, बोल्ट आहे, आणि त्या याच हवेत उभ्या राहणार आहेत. अर्थिंगचा गंज सॉफ्टवेअरने निघत नाही. निदान एवढं आधी बघा, असं म्हणायला ग्राहकाला कुठलंही उपकरण लागत नाही.

शोरूमची बाजूही मी मनात मांडून पाहिली. एवढी जागा, एवढी काच, एवढी माणसं. नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला फार सुटत नाही, खर्च निघतो तो वर्कशॉपवर. ॲडव्हायझरच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट. गाडी त्याच दोषासाठी पुन्हा आली तर ती त्याच्या नावावर लागते, म्हणून तो सांध्याला हात लावण्यापेक्षा पार्ट नवा घालणं पसंत करतो. हे सगळं मला कळतं. फक्त त्याच्या टार्गेटचा आणि त्याच्या भीतीचा खर्च माझ्या बिलात कुठल्या ओळीत धरलाय, तेवढं त्याने दाखवावं.

गणपतीत पाहुणे आले, फिरले, गेले. दिवे नीट राहिले. विसर्जनानंतर त्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, एस्टिमेट अप्रूव्ह करताय का? पार्ट मागवायला लागेल."

मी त्याला बोल्टाचं सगळं सांगितलं. मीटरवर किती आलं, मग किती झालं, तेही. तो खरंच लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये त्याने विचारलं, "कुठला मॅडम, उजव्या व्हील आर्चच्या वरचा का?" म्हणजे जागा त्याला माहीत होती.

"मग तुम्ही तोच आधी का नाही साफ केलात?"

"मॅडम, खरं सांगू? सिस्टीममध्ये अर्थ पॉइंट साफ करण्याचा लेबर कोडच नाही. कोड नसला की जॉब उघडत नाही, आणि जॉब उघडला नाही तर टेक्निशियनला वेळ मिळत नाही."

"मग आता माझं जॉब कार्ड कसं बंद करणार?"

तिकडे की-बोर्ड वाजला. "यादीतलंच एक निवडावं लागतं मॅडम. 'कस्टमर नॉट इंटरेस्टेड' टाकतोय."